नापोलीचं पाणी

रविवारी सकाळी आई आणि बायको चर्चला निघून गेल्या, तसं आनिएल्लोने कॉफीच्या मशीनचं बटण दाबलं. रोज हे मशीन थोडं कुरकुरायचं आणि मग कॉफीची बारीक धार सोडायचं. आज ते नुसतंच कुरकुरलं. कपात एक थेंब पडला. दुसरा थेंब पडावं की नाही याचा बराच वेळ विचार करत लोंबकळला आणि शेवटी पडलाच नाही. आनिएल्लोने बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. मशीनच्या पाठीत दोन धपाटे घातले. टीव्ही, गाडी आणि धाकटा भाऊ या तिघांनाही आजवर लागू पडलेला हा उपाय मशीनला मात्र लागू पडला नाही.

एरवी तो कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाऊन उभ्या उभ्या कॉफी पिऊन आला असता. पण आज ते शक्य नव्हतं, कारण आई नापोलीहून आली होती. नुंझियाताबाई तिकडे चौथ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या आणि हिवाळ्यात जिन्यावरून घसरून पडल्यापासून मुलाच्या जिवाला घोर लागला होता. तोरिनोला आमच्याकडेच राहायला ये, म्हणून तो फोनवर रोज गळ घालायचा. आईचं उत्तर ठरलेलं असे. "जिथे कॉफी धड मिळत नाही तिथे मी मरायलासुद्धा येणार नाही." अखेर तिने एवढंच कबूल केलं होतं, की येते, रविवारी जेवणानंतर तुझ्या घरची कॉफी पिते आणि मग काय ते सांगते. म्हणजे थोडक्यात, म्हातारीचं सगळं पुढचं आयुष्य या कुरकुरणाऱ्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

त्यातून आदल्या संध्याकाळी ती स्टेशनवर उतरली ती एका हातात बॅग आणि मागे चाकांच्या पिशवीत सहा मोठ्या बाटल्या घेऊन.

"आई, हे काय गं?"

"पाणी."

"अगं, तोरिनोत पाणी आहे."

"आहे ना. अंघोळीला चालेल." आईने पिशवी त्याच्याकडे दिली. "कॉफी कशाने होते? पाण्याने होते. पाणी कुठलं? नापोलीचं. एवढी साधी गोष्ट वीस वर्षांत विसरलास, म्हणूनच मी म्हणते या गावाने तुझं डोकं बिघडवलंय."

खरं तर आनिएल्लो काहीच विसरला नव्हता. तोही मनातून तेच मानत होता, पण बायको तोरिनोची असल्यामुळे बोलत नव्हता.

आता तो मशीनसमोर डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात दार वाजलं. सासरे आले होते. एव्हाझिओ हे मोटारीच्या कारखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांना जेवायला बोलावलं, की ते एका हातात केकचा पुडा आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी घेऊन यायचे. लेकीच्या घरात काहीतरी नक्कीच बिघडलेलं असणार आणि ते जावयाला नक्कीच जमलेलं नसणार, अशी त्यांची श्रद्धा होती. आज ती फळाला आली.

"टाकीत पाणी आहे का, जावईबापू?"

"बाबा, मी काय मूर्ख आहे?"

"मी पाण्याबद्दल विचारलं."

टाकीत पाणी होतं. एव्हाझिओंनी टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरला, चष्मा चढवला आणि बाजूची वाफेची तोटी उघडली. फुस्सकन वाफ आली. "म्हणजे पंप जिवंत आहे. पाणी तापतंही आहे. मग घसा कुठे बसलाय?" असं म्हणत त्यांनी मशीन आडवं केलं आणि कॉफी जिथून झिरपते तिथल्या जाळीचा स्क्रू सोडवला. जाळी निघाली आणि तिच्यामागून डांबरासारखा काळा चिकट गोळा टॉवेलवर पडला.

दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"हे शेवटचं धुतलंत कधी?" एव्हाझिओंनी हळूच विचारलं.

"धुवायचं?" आनिएल्लो दुखावला. "कॉफीचं भांडं? साबणाने?"

"माणसं धुतात."

"तोरिनोतली माणसं धुतात! बाबा, आमच्या आईच्या कॉफीपात्राला लग्नापासून साबण माहीत नाही. आतून जो थर बसतो ना, त्यालाच तर चव असते. आमच्याकडे पोर जन्मल्यावर पहिलं हेच शिकवतात."

"तुमच्या आईच्या भांड्याला चव आली असेल. या मशीनला दमा झालाय," सासरे म्हणाले आणि त्यांनी जाळी साबणाच्या पाण्यात टाकली. आनिएल्लोने छातीवर क्रूस केला आणि तोंड फिरवलं.

पण घसा साफ झाला तरी धार येईना. आत नळीत क्षार धरला असणार, तो व्हिनेगरने सुटतो, असं एव्हाझिओंनी सांगितलं. फडताळातली व्हिनेगरची बाटली टाकीत गेली. मशीनने आधी गचके दिले, मग खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि अचानक भुरकट पाण्याची झकास धार सोडली. दोघांनी आनंदाने एकमेकांना मिठी मारली. लग्नाच्या दिवसानंतर ही त्यांची पहिलीच मिठी असावी, कारण दोघेही लगेच अवघडून बाजूला झाले. या गडबडीत एव्हाझिओंचा हात लागून जाळीभोवतीचं रबरी कडं निघालं, आणि जुनं झालेलं ते कडं बिस्किटासारखं तुटलं.

"दुकानं बंद," आनिएल्लो म्हणाला. "आज रविवार."

"घाबरू नका. खालच्या बाईंकडे लोणच्याच्या बरण्या असतात. मोठ्या बरणीचं रबर मागून आणा. तोवर मी व्हिनेगर धुऊन काढतो."

खालच्या मजल्यावरच्या गिझोल्फीबाई अडीअडचणीला धावून येणाऱ्या होत्या, पण गुडघेदुखीची सविस्तर चौकशी केल्याशिवाय त्यांच्याकडून काडेपेटीसुद्धा मिळत नसे. आनिएल्लोने आधी उजव्या गुडघ्याची चौकशी केली, मग डाव्याची. रबर हातात पडल्यावर तो तीन-तीन पायऱ्या गाळत वर आला.

एव्हाझिओ हसतमुखाने उभे होते. "घ्या! बाळाच्या गालासारखं स्वच्छ झालंय. वाससुद्धा नाही. जवळजवळ नाही. मी म्हटलं, नळाचं पाणी घालून परत क्षार कशाला करा? खाली त्या बाटल्या होत्या, त्या सगळ्या घातल्या."

सिंकमध्ये सहा रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

आनिएल्लोने नुसतंच बाटल्यांकडे बोट केलं.

"का? चर्चमधून आणलेलं तीर्थ होतं का काय?" एव्हाझिओ जरा घाबरले.

"तीर्थ असतं तर माफी मिळाली असती," आनिएल्लो म्हणाला. "नापोलीचं होतं. आईने आणलेलं."

एव्हाझिओंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुठलं हत्यार काढावं ते कळेना. मग आनिएल्लोनेच नळ सोडला आणि बाटली खाली धरली. "भरा," तो म्हणाला. "बाबा, बघत काय बसलात, भरा!" एक भरत होता, दुसरा झाकणं लावत होता आणि दोघे मिळून जमीन ओली करत होते. सहावी बाटली जागेवर गेली. बरणीचं रबर दाबून बसवलं. पहिल्या चाचणीला कडेने गरम पाण्याची चिळकांडी उडाली आणि सासऱ्यांचा रविवारचा शर्ट डाव्या बाहीपासून कॉलरपर्यंत भिजला. दुसऱ्या चाचणीला मात्र मशीनचा दांडा दोन्ही हातांनी आवळल्यावर धार सरळ आली, आणि त्याच वेळी दारात किल्ली फिरली.

"व्याहीबुवा, पाऊस आहे का बाहेर?" आत येताच नुंझियाताबाईंनी विचारलं. "आम्हाला नाही लागला."

जेवण उत्तम झालं होतं, म्हणजे बाकीच्यांनी तसं सांगितलं. आनिएल्लोला काय खातोय तेच कळत नव्हतं. बायकोने, पिएराने, स्वतः पीठ लाटून आणि आत खिमा भरून केलेले आन्योलोत्ती सासूने दोनदा मागून घेतले, पण कौतुक करताना "पिठूळ आहेत, पण चांगले आहेत" एवढंच म्हणाली. पिएरा हसली. तिला सासू आवडायची, कारण तिच्या मते या घरात बापाला गप्प करू शकणारी ती एकटीच होती.

मग टेबल आवरलं गेलं आणि सगळे स्वयंपाकघरात जमले. "पाणी मीच घालणार," आई म्हणाली. तिने एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि टाकीत रिकामी केली. "बघा रंग कसा आहे. निळसर झाक आहे की नाही?"

"आहे आहे," एव्हाझिओ म्हणाले. आनिएल्लोने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

मशीन कुरकुरलं. क्षणभर काहीच आलं नाही. मग दाट, तांबूस धार कपात उतरली आणि खोलीभर वास पसरला. आईने साखर घातली, ढवळली, कप नाकाशी नेला आणि पहिला घोट घेतला. तिने डोळे मिटले. आनिएल्लोला वाटलं, चाळीस वर्षं आपण हिचे लाड, मार आणि शिव्या खाल्ल्या, पण एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"हं," आई म्हणाली. मग तिने मुलाकडे बघितलं, त्याच्या ओल्या बाह्यांकडे बघितलं, व्याह्यांच्या शर्टाकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. "याला म्हणतात कॉफी. व्याहीबुवा, पटलं ना आता? सगळी करामत पाण्याची."

"पाणी फारच चांगलं आहे, विहीणबाई," एव्हाझिओ म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. तोरिनोच्या नळाची एवढी तारीफ आजवर कुणी केली नव्हती आणि नेमकं त्यांना गप्प बसावं लागत होतं.

"मग राहशील ना, आई?" आनिएल्लोने विचारलं.

"हे पाणी आहे तोवर राहीन. संपलं, की दुसऱ्या दिवशी गाडीत बसेन. मी शब्दाची पक्की आहे."

त्या दिवसापासून आनिएल्लोने एक व्रतच घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो नोकरीच्या दुकानातून घरी यायचा, आई वामकुक्षी घेत असायची, तेवढ्यात नळ अगदी बारीक सोडून जेवढं पाणी वापरलं असेल तेवढं भरून ठेवायचा. रोज सकाळी आई बाटल्यांकडे बघून म्हणायची, "आहे गं बाई अजून." वसंत ऋतू सरला, बाल्कनीत तिने तुळशीच्या जातीची त्यांची ती बाझिलिको लावली, खालच्या गिझोल्फीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांशी तिची मैत्री झाली. सहा बाटल्यांत एवढे दिवस कसे निघाले, हे कुणीच विचारलं नाही.

मग एकदा दुकानात सेल लागला आणि आनिएल्लोला लागोपाठ काही दिवस दुपारी घरी येता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आठवण झाली. तो धावत घरी आला, तर बाटल्या भरलेल्या. त्याने पिएराला फोन केला.

"मी? मी कशाला भरू, तू भरतोस ना?"

त्याने सासऱ्यांना फोन केला.

"जावईबापू, त्या पाण्याला मी हात लावला तो एकदाच," एव्हाझिओ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला आणि चपला हातात घेऊन आत शिरला. स्वयंपाकघरात नळ बारीक सुटला होता. नुंझियाताबाई बाह्या वर सारून, बाटली तिरकी धरून उभ्या होत्या. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी सिंकमध्ये फडकंसुद्धा अंथरलं होतं.

"दार लोट आधी," मागे न बघता आई म्हणाली. "सेल लागला म्हणून आईला विसरतात होय रे? परवा शेवटची बाटली निम्मी झाली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं."

आनिएल्लोने दार लोटलं. "तुला कळलं कधी?"

"पहिल्याच घोटाला. नापोलीच्या पाण्याला व्हिनेगरची चव नसते रे, बाळा."

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस?"

"शहाणाच आहेस," आई म्हणाली. तिने नळ बंद केला आणि भरलेली बाटली त्याच्या हातात दिली. "बोलले असते तर गाडीत बसावं लागलं असतं. झाकण लाव घट्ट, आणि कॉफी टाक."