ताराक्काची सवत

आमच्या शेजारच्या ताराक्काला सवत होती, आणि ती सवत म्हणजे कापडदुकानातला पुतळा होता. खोटं वाटत असेल तर कसबा बावड्यात कुणालाही विचारा.

आक्काचा नवरा तमाशात बाईची कामं करायचा. असा गाजला की बायकासुद्धा त्याच्याकडं बघून नेसायला शिकल्या. तो गेल्यावर, नव्वद सालच्या आसपास, पोरानं पुढच्या दोन खोल्यांत त्याचं संग्रहालय मांडलं. फोटो, पायातले चाळ, बक्षिसं आणि मधोमध त्याचाच हिरवा जरीचा शालू नेसवलेला तो पुतळा. दाखवायचं काम आक्काकडं. पुतळ्याकडं बोट करून ती सुरू व्हायची.

"या पावणं. ह्यो शालू हिचा, त्योबी हिचा. माझं काय न्हाय हितं. मी जुनेरं नेसून भाकऱ्या थापत हुतो. उचगावच्या एका पाटलानं नथ धाडली, तीबी हिलाच! घरात आरसा एक, त्योबी हिनंच अडवायचा."

एकदा मी म्हटलं, "आक्का, आता नेसा की एखादा. कोण अडवतंय?"

"नेसलो की! पोलक्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या. बाई कसली, पैलवान हुती!"

सकाळी मात्र शिव्या देत देत पुतळ्याला कुंकू तीच लावायची. "नवरा मेला, माझं कुंकू गेलं. हिचं बघ, हाय तसं हाय!" मी हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

आक्काच्या नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बायकांनी पुतळ्याची ओटी भरायचा रिवाज पाडला होता. नवरात्रात तर रांग लागायची. दारात बसलेल्या आक्काला कुणी हळदीचं बोटही लावत नसे. विधवा ना! ती मुकाट्यानं खण उचलून फडताळात ठेवायची.

एका शुक्रवारी गडमुडशिंगीची एक बाई ओटी भरून निघाली, आणि माझं डोकंच फिरलं.

"ह्या माणसाला जन्मभर जिनं रांधून घातलं, तिची कोण भरणार?"

"पर त्या तर..." बाई चाचरली.

"पर न्हाय न् बिर न्हाय!" मी फडताळातला खण, नारळ काढला, तिच्या ताटातले तांदूळ घेतले. "आक्का, पदर पसरा."

"गप गं. लोक काय म्हनतील?" आक्का म्हणाली, पण पदर तिनं आधीच पसरला होता.

ओटी भरली. मी कुंकू लावताना तिनं डोळे मिटले. मग भरला पदर सांभाळत ती पुतळ्यापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिवी येणार.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बघा की. माझीबी भरली."