कौलांचा कौल

रविवारी सकाळी साडेदहा वाजता साईशने आपलं राहतं घर ओसाड केलं. दहा मिनिटांचं काम. दोरीवरचे कपडे काढले, कोंबडीला हुसकावलं आणि मागच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, तांदूळ निवडत बसलेल्या आईला सांगितलं, "आये, जरा बाजूक सर. तू दिसल्यार एकटेपण दिसना."

"आनी दुपारचा जेवाक कोण येतलो? एकटेपण?" सुमंगला म्हणाली, पण सरली. पोराचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे तिला ठाऊक.

साईशने नववीत शाळा सोडली. गणिताच्या मास्तरांशी वाद झाला. मास्तर अजून शाळेतच आहेत, त्यावरून कोण जिंकलं ते समजा. तेव्हापासून तो पडीक इमारतींचे फोटो काढतो. शेवाळलेल्या भिंती, मोडके जिने, खिडकीतून आत शिरलेला पिंपळ. का आवडतं हे, असं कोणी विचारलं तर तो मोठमोठं काहीतरी सांगायचा. खरं कारण सोपं होतं. पडकं घर कधी विचारत नाही, 'पुढे काय करणार आहेस?'

पण हल्ली ते सगळ्यांनाच आवडायला लागलं. धारगळच्या बंद भातगिरणीत एकांताचा फोटो काढायला रांग असते. डिचोलीकडे एका खाणीच्या बंद ऑफिसात नवरानवरीचं शूटिंग चाललेलं, तिथल्या माणसाने साईशलाच हटकलं, "भावा, बाहेर हो. जागा ओसाड वाटत नाही." साईशचं डोकं फिरलं. तिथून जो निघाला तो थेट स्वतःच्या घरामागे. प्लास्टर पडलेलं, कौलं घसरलेली, जनेलाचं एक दार बिजागरीला लोंबतंय. सतरा वर्षं तो इथे आंघोळीचं पाणी तापवत होता आणि एवढं सौंदर्य त्याला कधी दिसलं नव्हतं!

फोटोखाली त्याने लिहिलं : 'इथे आता कोणी राहत नाही. फक्त देवचार.'

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. त्याला लोक जाड भाकरीचा रोट ठेवतात, विडी ठेवतात. संध्याकाळपर्यंत फोटोला चार हजार एकशे बारा अंगठे आले. मंगळवारी मागच्या भिंतीशी पहिला रोट आला, बुधवारी विड्यांचं बंडल. साईशचे बाबा गुरुदास खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. ते मागच्या खोलीत बसून ती फुकटची विडी ओढू लागले. जनेलातून निघणाऱ्या धुराचा कोणीतरी व्हिडिओ काढला. देवचार सिद्ध झाला.

अडचण एवढीच, की त्याच आठवड्यात बाबांनी पंचायतीत अर्ज दिला होता : मागची कौलं बदलण्यास परवानगी मिळावी. नवी कौलं अंगणात येऊन पडलेली, मिरगाला तीन आठवडे, आणि चूल नेमकी त्या घसरलेल्या कौलांखाली.

पंचायतीचं नाव सांगत नाही. मांद्रे आणि हरमल यांच्यामध्ये कुठेतरी धरा. तिथल्या सेक्रेटरी कृष्णनाथांनी अर्ज वाचला, मोबाईल वाचला, परत अर्ज वाचला.

"घरात कोणी राहत नाही. मग कौलं कोणाच्या डोक्यावर घालणार?"

"आमच्या," बाबा म्हणाले. "आमी थंयच रवतंव."

"नोंद तशी नाही. स्थळपाहणी करावी लागेल."

पाहणीला ते मागून आले, कारण फोटोत तीच बाजू होती. बाबा विडी ओढत बाहेर आले, "येवा, बसा" म्हणाले. कृष्णनाथ दहा पावलं मागे सरले, चपला काढल्या, हात जोडले आणि अहवाल लिहिला : 'जागेवर अर्जदारासारखी दिसणारी आकृती विडी ओढताना आढळली. रहिवासी आढळला नाही. सबब, कौलं बदलण्यापूर्वी देवाचा कौल घ्यावा.'

"कौलांक कौल?" सुमंगलाने कपाळावर हात मारला. पण बाबा देवळात गेले. देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. दोन मिनिटांत उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मिरग कधी येतो हे देवाला माहीत असतं.

शुक्रवारी साईश स्वतः पंचायतीत गेला. "देवान कौल दिलो. आता सही करा."

"देवाचा आला," कृष्णनाथ म्हणाले. "जनतेचा उलटा आलाय." त्यांनी फाईल पुढे सरकवली. रविवार संध्याकाळपर्यंतची चार हजार एकशे बारा नावं, छापलेली, पानापानावर शिक्का. "इतक्या लोकांनी अंगठा दिलाय, की इथे कोणी राहत नाही. अंगठा आम्ही मानतो."

"अहो, तो लाईक!" साईशने टेबलावर हात आपटला. "फोटो आवडलो म्हणून देतत!"

"आवडला म्हणजे मान्य. आणि पहिला अंगठा कोणाचा, बघा."

पहिला अंगठा साईशचा होता. आपल्या फोटोला आपणच लाईक मारायची त्याची जुनी खोड.

"डिलीट करतंय! आताच्या आता!"

"करा. पुरावा नष्ट केला म्हणून वेगळी फाईल उघडू."

यादीची नक्कल काखेत मारून साईश घरी आला आणि त्याने नवा फोटो काढला. तेच जनेल, दोरीवर कपडे, खाली कोंबडी, मध्ये आई. लिहिलं, 'आम्ही इथे राहतो. अंगठा द्या, कौलं बदलायची आहेत.' तीन दिवसांत नऊ अंगठे. त्यातले दोन मामाचे. खाली प्रज्योत नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं, 'आधीचा मस्त होता भावा. ती बाई काढ ना मधून.'

साईशने फोन आपटायला हात वर नेला. मग आईला 'बाजूक सर' पहिल्यांदा कोण म्हणालं होतं ते आठवलं, आणि हात तसाच खाली आला.

सुमंगला यादीची पानं उलटत होती. "इतकी माणसां! एकेकान एकेक कौल हाडल्यार आख्खो वाडो शाकारून जायत. एक तरी येतलो मां रे?"



यादी आता त्यांच्या फळीवर आहे, अजून गळत नाही त्या बाजूला. सतरावं पान, खालून तिसरं नाव तुमचं. तुम्हाला आठवणार नाही. रविवार होता, हातात चहा होता, अंगठा सहज गेला. बघायला याल तेव्हा पुढच्या दाराने या. विडी नको. अंगठा तर तुम्ही दिलाच आहे. येताना एक कौल आणा.