सोळावा खिळा

मुकादमचाचा माणसांना देशाच्या नावाने हाक मारत. "सुदान, तुझा नळ गळतोय." "नेपाळ, गादी उन्हात टाक." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, तळमजल्यावर परराष्ट्र खातं चालतं की काय.

सौदीतल्या दम्माममधल्या आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट, माणसं नऊ देशांची. हा अंदाज नाही, मी दारोदार विचारून मोजलं आहे. एकाच जिन्यात नऊ देशांच्या फोडण्यांचा वास. चाचा मूळचे श्रीवर्धनचे, इथे चौतीस वर्षं एका कंपनीत स्टोअरकीपर. एकटेच राहत. त्यांच्या भिंतीवर एक फळी होती, फळीवर खिळे आणि खिळ्यांवर साऱ्या इमारतीच्या जादा चाव्या. "चावी शेजाऱ्याकडे असावी," हे त्यांचं ब्रीद. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, हातात पडायच्या आत माझी चावी फळीवर गेली होती. शिवाय स्टोअरची शिस्त. स्वतःचीच चावी मागायला गेलो की मला वहीत सही करावी लागे.

उन्हाळ्यात लोक सुट्टीवर गेले की चाचा जुडगा घेऊन घरोघर फिरत. कुणाच्या झाडाला किती पेले पाणी, केरळच्या (भारतातल्यांना ते राज्याच्या नाहीतर गावाच्या नावाने हाक मारत) फ्रिजचं दार कुठे दाबलं की बसतं, सगळं तोंडपाठ. बाहेर अठ्ठेचाळीस अंश, चार मजले, लिफ्ट नाही. मी इंजिनिअर, पण मला माझ्या तीन खोल्यांना यादी लागते. या माणसाकडे मी नुसता बघत राहायचो.

एकदा घोटाळा झाला. दुसऱ्या मजल्यावरचे इजिप्तचे मास्तर महिन्याने परतले, तर त्यांचा पोपट भलतंच बोलू लागलेला. ते पिंजरा घेऊन माझ्या दारात. पोपट म्हणत होता, "जेवलास काय रे?"

मी अर्थ सांगितला. मास्तरांनी पिंजरा खाली टेकवला. मग म्हणाले, "म्हणजे रोज कुणीतरी बसून याच्याशी बोलत होतं."

गेल्या महिन्यात चाचांच्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या मालकाने, त्यांचं कायमचं परतणं ठरवलं. "कफील म्हणाला, वय झालं. खलास." फळी माझ्या घरी आली. सवयीने मी मोजलं. चाचांचा फ्लॅट सोडून घरं पंधरा, चाव्या सोळा. शेवटच्या खिळ्यावर एक लांब, जुनी चावी होती. बाकीच्या चाव्यांसारखी तिला नावाची चिठ्ठी नव्हती.

"चाचा, एक जास्त आहे."

"माझी हाय. श्रीवर्धनच्या घराची."

"मग न्या की. घर कसं उघडणार?"

"उघडायला दुसरी हाय. ही जादा."

"पण इथे ठेवून काय उपयोग? मध्ये अख्खा समुद्र आहे."

चाचा वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बायको गेली. पोरगी कॅनडात. आळीतल्या अकरा घरांना कुलूप. सगळे एकतर मुंबईला नाहीतर इकडे आखातात. तिथे कुणाकडे ठेवू?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा, नाशिककर."

त्या वहीत प्रत्येक नावापुढे देशाचा रकाना असे. माझ्या नावापुढे त्यांनी या वेळी 'शेजारी' असं लिहिलं होतं.