वरच्या दाढेचा पडदा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात भिंतभर घड्याळं चालू होती. बंद पडलं होतं ते फक्त त्याच्या बायकोचं हसू.

तिची वरची दाढ काढली होती. तिथलं हाड झिजलेलं, म्हणून डॉक्टरने खड्ड्यात हाडाची भुकटी भरली, वर पातळ पडदा घातला आणि टाके मारले. "हिरडी उतावळी, हाड संथ," तो म्हणाला होता. "मध्ये पडदा नसला तर हिरडीच सगळी जागा बळकावते. खळखळून हसायचं नाही. टाका तुटला की पडदा सरकलाच!"

तेव्हापासून नवऱ्याने तोंड उघडलं की ती उठून आत जायची.

"अगं, आज दुकानात काय गंमत झाली—"

"नंतर," ती ओठ न हलवता म्हणायची.

तपासणीच्या दिवशी मात्र साडी इस्त्रीची, चालणं झुळकेसारखं. नवरा बाहेर बाकावर. आतून डॉक्टरचं गडगडाटी हसणं आलं, मागोमाग तिचं दाबलेलं "हुं हुं". वेल माझ्या दारी, फुलं शेजारघरी! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गालावर हात धरून तो आत घुसला.

"डॉक्टर, माझीही दाढ ठणकतेय."

"अहो, सकाळी तर दातांनी अक्रोड फोडलात!" बायको म्हणाली.

"आत्ताच सुरू झालं."

दाढ कसली, दुखत होतं पोटात. त्याने हाताला लागली ती वरची दाढ दाखवली. डॉक्टरने ठोकून पाहिली, फोटो काढला आणि गंभीर झाला.

"बरं झालं आलात. अक्रोड फोडून फोडून मूळ कधीचंच चिरलंय. काढावी लागेल. हाडही गेलंय, तेव्हा तुम्हालाही पडदा."

"नाही हो, थांबलं दुखायचं!"

पण सुई टोचली गेली होती. तो आ वासून पडला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "तुमच्यावर रागच आहे माझा. यांचा टाका तुमच्यापायी तुटत होता."

"आँ?"

"इथे आल्या की तुमचेच किस्से सांगतात. गिऱ्हाइकाला वेळेचं महत्त्व सांगता सांगता तुमची बस सुटली, तो तर दोनदा ऐकला! शेवटी मीच यांना बजावलं, टाके निघेपर्यंत घरी नवऱ्यापासून लांब राहा."

"यांनी नुसतं तोंड उघडलं तरी मला हसू फुटतं हो," बायको फरशीकडे बघत म्हणाली.

संध्याकाळी दोघं कोमट सूपचे वाडगे घेऊन पाठीला पाठ लावून बसले. समोरासमोर बसायची सोयच नव्हती.

"तरी मी त्याच्यावर जळतोच," तो बधिर ओठांतून पुटपुटला. "किस्से माझे, आणि ऐकतो तो!"

"अहो, गप्प बसा..."

तिची पाठ थरथरली. मग त्याची.