गळ्याखाली धोंडीमामा

धोंडीमामा तसबिरींच्या दालनातून बाहेर पडायचा तो भोवऱ्यागत फिरत. कारण साधं होतं. सरदाराला पाठ दाखवायची नाही, आणि सरदार तर चारही भिंतींवर टांगलेले. एकाला तोंड केलं की तिघांना पाठ. मग मामा गरगर फिरत, मुजरे घालत दारापर्यंत जायचा आणि चक्कर थांबेपर्यंत चौकट धरून उभा राहायचा.

महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. कोल्हापूरच्या राजवाड्यात मी दफ्तरातला कारकून, मामा त्या दालनाचा फरास. काम झाडलोटीचं, पण तोरा किल्लेदाराचा. तसबिरी बघायला आलेल्या पावण्यांना भर दुपारी आत सोडायचा नाही. का, तर तसबिरीतली मंडळी आत्ताच जेवलीत, जरा पडू द्या. "थोरली माणसं हायत," हे त्याचं पालुपद. एकदा एक मामलेदार आत शिंकले, तर मामानं त्यांना तसबिरीची माफी मागायला लावली. आणि मागितली की त्यांनी!

त्याचा खरा जीव मात्र एकाच तसबिरीवर, पांढऱ्या अंगरख्यातल्या सरदारांवर. त्या सरदारांना तसबिरीसाठी बसायला सवड नव्हती. म्हणून चित्रकारानं चेहरा फोटोवरून उतरवला आणि अंगरखा चढवून आठ दिवस मामाला बसवलं. "मुंडकं त्येंचं, गळ्याखाली म्या हाय," मामा छाती काढून सांगायचा. त्या आठवड्यात चित्रात उतरणारे हात बिघडू नयेत म्हणून घरी मामीनं त्याला घास भरवले म्हणे.

पुढं मामीचे डोळे जायला लागले. वैद्यानं हात टेकले. पार अंधार व्हायच्या आत तिनं तसबीर बघावी, एवढा एकच ध्यास मामानं घेतला. पण फरासाच्या बायकोला आत कोण सोडणार? मामा रोज माझ्यापुढं येऊन हात जोडून उभा राहायचा. शेवटी वैतागून मी कारभाऱ्यांकडं रदबदली केली. परवानगी यायला चार महिने गेले.

मामी आली. म्हणाली, सांगू नका, मी वळखते. चाचपडत गेली आणि शेजारच्याच तसबिरीपुढं थांबली. ती सरदारांच्या आईसाहेबांची. नाकात नथ, अंगावर हिरवा शालू.

"ह्येच की तुमी," मामी म्हणाली. "हिरवा रंग लई खुलतोय ओ तुमास्नी."

मी तोंड उघडलं, तोच मामानं माझ्या पायावर पाय दिला.

"व्हय," तो म्हणाला. "चित्रकार बी त्येच म्हनत हुता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाय दुखला म्हणून, असं मी आजवर सांगत आलोय.