सौसरची गाडी कोणत्या फलाटावर?

शोभाताईंनी कपाटावरची बॅग खाली काढली, तेव्हा बाबाराव अंगणात खुर्ची टाकून स्वतःचाच आवाज ऐकत बसले होते. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेला ऑटो उभा होता आणि त्यातून बाबाराव बोलत होते, "कृपया लक्ष द्या. परराज्यांतून नागपुरात आलेल्या मंडळींनी आपापल्या गावी परत जावं. नागपूर फक्त नागपूरकरांचं! आपली माती पक्षाचे लाडके नेते अंकुशभाऊ यांचे हात बळकट करा. पुन्हा एकदा, कृपया लक्ष द्या..."

आवाज खणखणीत होता यात वादच नव्हता. बाबारावांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर माईकपुढे गाड्या पुकारण्यात गेली होती. निवृत्तीनंतर मात्र त्या आवाजाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घरात जरा मोठ्यानं बोलले, की शोभाताई म्हणायच्या, "हळू बोला न. मी फलाटावर नाही उभी." त्यामुळे विधानसभेच्या तिकिटावर डोळा ठेवून असलेले अंकुशभाऊ स्वतः घरी आले आणि "बाबाराव, पक्षाले तुमचा आवाज पाहिजे" म्हणाले, तेव्हा बाबाराव विरघळले. कागदावर होतं ते त्यांनी झोकात वाचून दिलं. अर्थाच्या भानगडीत ते पडले नाहीत. आपण गाडी पुकारायची, ती कुठे जाते ते ड्रायव्हरनं बघायचं, असा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

शोभाताई बॅग घेऊन अंगणात आल्या.

"कुठी निघाली वं?" बाबारावांनी विचारलं.

"परत."

"परत म्हणजे?"

"माहेरी, सौसरले. सकाळपासून तुमीच तर सांगून राहिले का परराज्यातल्यायनं परत जावं. मी कुठी नाही म्हणून राहिली!"

"अवं, ते तुले थोडीच हाय!"

"सौसर कोणत्या राज्यात येते?"

बाबारावांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग चपलेकडे. "मध्य प्रदेशात," ते पुटपुटले. "पण ते दुसऱ्यायसाठी हाय. बाहेरच्यायसाठी."

"कोण बाहेरचे? तो कोपऱ्यावरचा कचोरीवाला? ज्याच्या कचोऱ्या रोज सकाळी माह्यापासून लपवून खाता?"

हे शोभाताईंना ठाऊक आहे, हे बाबारावांना ठाऊक नव्हतं.

"आता फक्त एवढंच सांगा," शोभाताई म्हणाल्या, "सौसरची गाडी कोणत्या फलाटावर लागते?"

बाबारावांच्या तोंडून सवयीनं फलाटाचा नंबर बाहेर पडला. मग त्यांनी जीभ चावली. पण तोवर शोभाताई फाटकाबाहेर गेल्या होत्या.

हे सगळं शेजारच्या प्रेमिलाबाईंनी भिंतीवरून ऐकलं. त्यांचंही माहेर मध्य प्रदेशात, बालाघाटला. त्यांनी समोरच्या बैतूलच्या सुनेला सांगितलं, तिनं मागच्या दुर्गवाल्या काकूंना. संध्याकाळपर्यंत उघड झालं, की अख्ख्या गल्लीत खुद्द नागपूरचं माहेर असलेल्या बायका शोधाव्याच लागतील. कधीकाळी तो सगळा मुलूख नागपूरसकट एकाच प्रांतात होता. तेव्हापासून नागपूरकरांनी सुना तिकडूनच आणल्या होत्या आणि प्रांत मोडला तरी सोयरिकी काही मोडल्या नव्हत्या.

सगळ्या काही माहेरी गेल्या नाहीत. प्रेमिलाबाईंनी यापेक्षा भारी तोडगा काढला. "आपण बाहेरच्या न? मंग आपण पाहुण्या," त्यांनी जाहीर केलं. "पाहुण्याले कोणी काम सांगते काय? बसा आरामात. चहा मागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले पुरुष डबे घेऊन कोपऱ्यावर कचोरीला धावले. पाहतात तर दुकान बंद, आणि कचोरीवाला बाबारावांच्या फाटकात हात जोडून उभा.

"बाबूजी," तो म्हणाला, "आपकी आवाज सुनी तो समझ गया सरकारी हुकूम है. बस इतना बता दीजिए, कब तक निकलना है? और कढ़ाई साथ ले जा सकते हैं क्या?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या मागे त्याची बायको सामानाची गाठोडी बांधून खरोखरच उभी होती. इतकी वर्षं बाबारावांच्या आवाजावर विसंबून माणसं गाडीत चढली होती. आज त्याच आवाजावर विसंबून एक माणूस आपलं घरदार उचलायला निघाला होता.

"नाही गा, नाही," ते घाईनं म्हणाले, "कोणी कुठी जात नाही. तू दुकान उघड. लोकं उपाशी हायेत." आणि त्यांनी स्वतः त्याचं एक गाठोडं उचलून दुकानापर्यंत नेऊन ठेवलं.

घरी येतात तोच हैदराबादहून रजतचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "बाबा, काय करून राहिले तुमी? तुमची घोषणा इथं माह्या ऑफिसात फिरून राहिली!"

"आवाज बरा आला काय?"

"बाबा! मीबी इथं बाहेरचाच हाय न! घरमालकाले मराठी येत नाही म्हणून वाचलो. अन् आई कुठी हाय?"

"सौसरले."

"मंग जेवता काय?"

"कचोरी," बाबाराव म्हणाले.

दुपारी अंकुशभाऊ आले. गळ्यात पक्षाचा जांभळा दुपट्टा होता, पण चेहरा पार उतरलेला.

"बाबाराव, हे काय करून ठेवलं तुमी? माही बायको जबलपूरची हाय! कालपासून बोलून नाही राहिली. ज्या गल्लीत प्रचाराले जातो तिथं बाया दारच उघडत नाहीत. म्हणतात, आमी पाहुण्या, घरमालक घरी नाहीत."

"पण तुमीच तर लिहून देलं होतं जी."

"लिहिलं मी, पण वाचलं तर तुमी न! लिहिलेलं कोणाले ऐकू येते काय?"

बाबारावांवर याला उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण बायकांचा राग वरपर्यंत पोचला होता. आपली माती पक्षानं अंकुशभाऊंना बाजूला सारलं आणि तिकीट दिलं नंदिनीताईंना. नंदिनीताई नागपूरच्या सून, माहेर छिंदवाड्याचं. ही बातमी गल्लीत येईपर्यंत अंकुशभाऊ 'सारे एक' नावाच्या विरोधी पक्षात जाऊन त्यांचं तिकीटसुद्धा घेऊन बसले होते. सकाळचा जांभळा दुपट्टा जाऊन संध्याकाळी पोपटी आला. माणूस तोच, हसू तेच, नमस्कारही तोच. ते तडक बाबारावांकडे आले, तसाच एक पोपटी दुपट्टा त्यांच्या गळ्यात घातला आणि नवा कागद पुढे केला.

बाबारावांनी या वेळी कागद आधी मनातल्या मनात वाचला. मग पुन्हा वाचला. मजकूर असा होता: 'कृपया लक्ष द्या. नागपूर सगळ्यांचं आहे. कोणी कुठूनही आलेलं असो, इथं राहतो तो नागपूरकर.'

"हे मले पटते," ते म्हणाले. "पण भाऊ, तुमालेबी पटते काय?"

"मी पक्षाचा कार्यकर्ता हाय," अंकुशभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. "पक्षाले पटते तेच मले पटते."

बाबारावांनी घोषणा जीव ओतून रेकॉर्ड केली. ती मतदारांसाठी नव्हतीच. त्यांनी ती लगेच शोभाताईंना फोनवर पाठवली आणि उत्तराची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "आवाज बसला तुमचा. तेलकट खाणं बंद करा."

मधल्या काळात ऑटोवाल्यानं नवी घोषणा जुनी न पुसता त्याच पेनड्राइव्हमध्ये भरली होती, त्यामुळे भोंगा सीताबर्डीपर्यंत ओरडत गेला, "नागपूर सगळ्यांचं आहे! सगळ्यांनी आपापल्या गावी परत जावं!" व्हरायटी चौकातल्या एका माणसानं हात जोडून विचारलं म्हणे, "मंग मत देऊन जाऊ, का तसाच निघू?"

ते ऐकून बाबारावांनी ठरवलं, की भोंग्यावर भरवसा नाही, आपणच जायचं. त्यांनी सौसरची गाडी पकडली. सौसरला मेव्हणा बळीराम दारातच भेटला.

"या जी भाऊजी," तो म्हणाला. "परदेशातून आले. प्रवास बरा झाला न?"

"बळीराम, चेष्टा नको करू गा."

"चेष्टा नाही. आमचे आजोबा नागपूरले राजधानी म्हणत होते. आमी इथून हाललोबी नाही. मधातली रेष सरकली. अन् आता तुमी आमाले बाहेरचे म्हणून राहिले?"

बाबाराव ओट्यावर बसले. शोभाताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांना पाहून बाबारावांनी घसा साफ केला. पाठ केलेली वाक्यं बरीच होती, पण बसलेल्या घशातून कसंबसं एवढंच निघालं, "चुकलं माहं. मी वाचलं, पण ऐकलं नाही. घरी चाल."

शोभाताईंचा चेहरा सैल झाला. "चालली असती," त्या म्हणाल्या, "पण माही गाडी येऊन राहिली."

"कोणती गाडी?"

उत्तर म्हणून गल्लीत एक जीप शिरली. तिच्यावर जांभळे झेंडे होते. आपली माती पक्षाला उशिरा का होईना कळून चुकलं होतं, की नागपुरातल्या निम्म्या चुली सीमेपलीकडच्या बायका पेटवतात. त्यांनी तातडीनं नवी घोषणा काढली होती, 'सून कधी बाहेरची नसते!' आणि ती सांगत फिरायला नंदिनीताईंना हवी होती ती बाई, जिच्यापासून सगळी सुरुवात झाली. शोभाताईंनी कार्यकर्तीच्या हातून जांभळा दुपट्टा घेतला, नीट घडी घालून खांद्यावर टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा मागं. गाडीत जागा हाय."

बाबारावांनी आपला पोपटी दुपट्टा हळूच खिशात कोंबला आणि विरोधी पक्षाच्या जीपमध्ये प्रचाराच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून ते नागपूरला परत आले.

मग मतदानापर्यंत गल्लीची चांगली करमणूक झाली. सकाळी एकाच गाळणीतून चहा गाळून नवराबायको दोन दिशांना निघत. एका भोंग्यातून बाबाराव सांगत, नागपूर सगळ्यांचं आहे. दुसऱ्यातून शोभाताई सांगत, सून बाहेरची नसते. दोघं एकच गोष्ट सांगत होते हे प्रेमिलाबाईंच्या लक्षात आलं होतं, पण तसं म्हटलं तर दोन्ही पक्ष दुखावतील म्हणून त्या बोलल्या नाहीत. रात्री जेवताना राजकारण काढायचं नाही, असा शोभाताईंचा नियम होता. बाबारावांनी तो पाळला. शोभाताईंच्या हातचा वडाभात पुन्हा ताटात आला होता. एवढ्यासाठी त्यांनी कोणताही जाहीरनामा मान्य केला असता.

मतदानाला दोघं जोडीनंच गेले. येताना कचोरीवाल्यानं बोलावून गरम कचोऱ्या दिल्या. या वेळी बाबारावांना लपवाव्या लागल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी दोघं टीव्हीपुढे बसले. फेरीगणिक कधी अंकुशभाऊ पुढे, कधी नंदिनीताई. शेवटी अंकुशभाऊ अगदी थोडक्यात निवडून आले. बाबाराव टाळी वाजवायला गेले आणि बायकोकडे पाहून थांबले.

"वाईट नको वाटून घेऊ," ते म्हणाले. "मी तर माहं मत तुह्या नंदिनीताईलेच देलं होतं."

शोभाताई दचकल्या. "काहून?"

"तू उन्हातान्हात तिच्यासाठी फिरून राहिली होती. वाटलं, आपल्याकडून तुले एवढं तरी."

शोभाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् मी अंकुशभाऊले देलं."

"तू? काहून वं?"

"बसलेला घसा घेऊन तुमी सौसरपावेतो आले होते. म्हटलं, जाऊ दे, एक मत तुमच्या माणसाले. अरे देवा! म्हणजे गावभर फिरून माही बाई मीच पाडली!"

"अन् मी माह्या माणसाले पाडायले गेलो होतो!" बाबाराव ओरडले.

कोणी कोणाचा विश्वासघात केला यावर आता चांगलाच वाद पेटणार होता; दोघांनी सरसावून बसायलाही सुरुवात केली होती. तेवढ्यात टीव्हीवर ताजी बातमी झळकली. अंकुशभाऊ परत आपली माती पक्षात जात होते. राज्याच्या हितासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारी उभ्या असलेल्या नंदिनीताई त्यांना हसत हसत पेढा भरवत होत्या.

दोघंही तो पेढा तोंडात जाईपर्यंत पाहत राहिले.

"घ्या," शोभाताई म्हणाल्या, "त्यायचंबी जमलं."

बाबारावांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "मंग आपणच काहून भांडून राहिलो?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाज न चढवता म्हणाले, "चहा ठेवू काय?"