भीमरावांची पद्धतशीर करवंदे

"ताज्यात जास्त, सुक्यात कमी! हे मी यंत्र सुरू न करताच सांगतो!"

अंबरनाथ पूर्वेच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत सकाळी नऊ वाजता भीमराव गांगुर्डे यांनी असे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या आवाजात चौतीस वर्षांत एकही अहवाल मागे न घेतलेल्या माणसाचा दरारा होता.

समोर पालेगावच्या सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांच्या बचत गटाची वाळवलेली करवंदे उद्या प्रदर्शनात मांडायची होती आणि पाकिटावरच्या स्टिकरसाठी व्हिटॅमिन सीचा आकडा हवा होता. तुलनेसाठी त्याच जाळीवरची ताजी करवंदेही त्यांनी आणली होती.

"सुकी तू कर," भीमरावांनी सहायक हिमानीला सांगितले. "ताजी माझ्याकडे. नाजूक काम आहे!"

दुपारी एक वाजता दोन्ही अर्क लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात शिरले. हे यंत्र अर्कातले घटक वेगळे करून दाखवते. व्हिटॅमिन जितके जास्त, तितका पडद्यावरचा डोंगर उंच. सुक्या करवंदांचा डोंगर मलंगगडासारखा उभा राहिला. ताज्यांची रेघ मात्र चिखलोलीत बिल्डरने सपाट केलेल्या शेतासारखी!

"सर, पाण्याचं वजन वजा करूनसुद्धा सुक्यात सहापट!" हिमानीच्या तोंडून निघून गेले.

सगुणाबाईंनी मोबाइल कानाला लावलासुद्धा. "चंदरशेठ! स्टिकरवर लिवा, ताज्यापेक्षा सहापट! दोन हजार काढा!"

"बाई, थांबा! हे अशक्य आहे!" भीमराव ओरडले.

"हो जाएगा, आधे घंटे में मशीन पे चढाता हूं!" उल्हासनगरच्या छापखान्यातून सिंधी चंदरशेठचे उत्तर आले आणि फोन बंद झाला.

अर्धा तास! दोन हजार पाकिटांवर धडधडीत खोटा आकडा, आणि त्याखाली 'तपासणी : भीमराव गांगुर्डे'! पुन्हा लावलेला फोन व्यस्त लागला, तसे भीमराव सगुणाबाईंवर उखडले.

"तुम्ही लिंबाच्या रसात बुडवली असणार!"

"आमच्या मालात भेसळ?" सगुणाबाई कडाडल्या. "मीठसुद्धा नाय लावलं, साहेब! अख्खीच सुपात घातली, उन्हात ठेवली!"

"हिमानी, बाटल्यांची अदलाबदल?"

"नाही सर. यंत्रही तपासलं, ठीक आहे." ती जरा घुटमळली. "सर, ताजी तुम्ही कशी केलीत?"

भीमराव ताठ झाले. "पद्धतशीर! तीन वेळा धुतली. एकेक पुसली. बिया काढून सारख्या फोडी केल्या. निथळायला खिडकीत मांडल्या. मग लेबले लिहिली, तीन प्रतींत. एक जरा तिरके चिकटले, म्हणून तिन्ही पुन्हा लिहिली..." आवाज एकेक पायरी उतरू लागला. "मग डबा खाल्ला. मग आम्लात..."

"म्हणजे जवळजवळ तीन तास फोडी उन्हात, उघड्यावर?"

चिरलेल्या फळातले व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने झपाट्याने नष्ट होते, आम्लात टिकते, हा धडा तिला भीमरावांनीच दिला होता!

वीस मिनिटे उरली. फ्रिजमध्ये मूठभर करवंदे शिल्लक होती. भीमरावांनी हात पुढे केला.

"साहेब," सगुणाबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा की जरा!"

भीमराव बसले. हिमानीने करवंदे चिरली, थेट आम्लात वाटली, गाळली, यंत्रात सोडली. आठ मिनिटे गेली. आणि मग ताज्यांचा डोंगर असा काही चढला, की सुकी करवंदे त्याच्या निम्म्यावर येऊन थांबली!

चंदरशेठचा फोन अजून व्यस्त. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला.

"छापू नका!" भीमराव किंचाळले. "सहापट काढा, ताज्याच्या निम्मे असे घाला!"

"निम्मे असं कोण लिवतं, साहेब?" सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "नुसता सुक्याचा आकडा घाला की!"

"ठीक है, साईं, पहिला कागद फाडतो," चंदरशेठ म्हणाला. "आणि तपासणीमध्ये नाव तुमचंच ना?"

"हिमानीचे घाला."

"आणि तुमचं, साईं?"

"माझे नको," भीमराव हळूच म्हणाले. "मी हात लावला नाही, म्हणून तर आकडा बरोबर आला!"